लाल दोरी कुणाच्या पायाला होती

१

रोज सकाळी सहाला मी धक्क्यावर येते, कॉफीचा थर्मास पेट्रोलपंपाच्या खांबाशी ठेवते आणि आमच्या फाट्यातल्या बोटींवरून एक फेरी मारते. आमचा तलाव धरणाचा. डोंगरांच्या बेचक्यांत त्याचे कितीतरी फाटे शिरलेत, आणि आमच्या फाट्यात मिझुरी राज्यातल्या सगळ्यात वेगवान बोटी बांधलेल्या असतात. त्यांची इंजिनं मी बघते. वीस वर्षं बघतेय.

या बोटींचं वेड काय असतं ते मला कुणी सांगायला नको. बेचाळीस फूट लांब, आत जेमतेम चौघांना उभं राहायला जागा, संडास नाही, सावली नाही, बर्फाचा डबा ठेवायचा तर पायात. दोन इंजिनं, प्रत्येकी हजाराहून जास्त घोड्यांची. दर दोनशे तासांनी ती पूर्ण उघडून पुन्हा बांधावी लागतात, म्हणून मालक पोरांचे वाढदिवस विसरेल पण मीटरवरचे तास विसरणार नाही. पाण्यातून आली की व्हिनेगरच्या पाण्याने पुसायची, नाहीतर अंगावर चुन्याचे डाग बसतात. हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी काढून गुलाबी औषध भरायचं, नाहीतर बर्फ होऊन लोखंड तडकतं. आणि एवढी सरबराई करून बाईसाहेब उन्हाळ्यात महिन्याला चार दिवस फिरणार. पण एकदा ती ताशी शंभर मैलांच्या पुढे गेली आणि पायाखालचं पाणी सुटलं, की माणूस बायकोचं नाव विसरतो. मीही विसरलेय, नवऱ्याचं.

नवऱ्याचं नाव डॉयल. गेल्या ऑगस्टमध्ये तो गेला.

अशी बोट खरी चालवायची तर दोन माणसं लागतात. डाव्या बाजूचा चाक धरतो आणि फक्त दिशा बघतो. उजव्या बाजूचा थ्रॉटलचे, म्हणजे वेगाचे, दांडे धरतो आणि फक्त पाणी बघतो. लाट लागून बोट हवेत गेली की मागचे पंखे मोकळे होऊन पिसाळतात. तेवढ्या क्षणात दांडे मागे घ्यायचे, ती पाण्यावर टेकताना पुन्हा पुढे द्यायचे. हे डॉयलसारखं कुणालाच जमत नसे. तो अनवाणी उभा राहायचा, गुडघे किंचित वाकवून. म्हणायचा, "नेल्डा, पाणी तळपायाला आधी कळतं, डोळ्यांना मागून."

चाकावर होता ट्रेंट, बोटीचा मालक. शनिवारची दुपार होती, सगळ्या बोटींच्या लाटा कड्यांवर आपटून परत येत होत्या. एका आडव्या लाटेवर बोट वाकडी पडली आणि दोघं दोन बाजूंना फेकले गेले. अशा वेळी इंजिनं आपोआप बंद पडायला हवीत. चाक धरणाऱ्याच्या पायाला लाल दोरी असते, तिच्या दुसऱ्या टोकाची क्लिप एका बटणात बसते. माणूस उडाला की क्लिप निघते आणि इंजिनं मरतात. ती मेली नाहीत. चाक मोकळं सुटलं की ही बोट डावीकडे वळते. ती वळली, गोल फिरली आणि पाण्यात पोहणाऱ्या माझ्या नवऱ्यावरून गेली. सहा मिनिटं तशीच फिरत होती, मग काठच्या खडीवर चढून थांबली.

दोरी सापडलीच नाही. ट्रेंट म्हणाला, पायाला लावली होती. चौकशीवाल्यांनी लिहिलं, सांगता येत नाही. मला सांगता येत होतं. हे मालक लोक दोरी अडचण होते म्हणून चाकाच्या दांडीला अडकवून मोकळे होतात. मी शंभर वेळा पाहिलंय.

म्हणून मी त्याला सोडलं नाही. पंपावर, चार माणसांसमोर, त्याला खुनी म्हणाले. त्याच्या धक्क्याच्या फाटकाला लाल दोऱ्या बांधून आले. त्याच्या मुलीला पत्र लिहिलं: "बापाला विचार, दोरी कुठे होती." पण तेवढ्याने माझं पोट भरलं नव्हतं. त्यानेही एकदा पाण्यात डोकं वर काढून ती बोट आपल्याकडे येताना बघावी, एवढंच मला हवं होतं.

२

जूनमध्ये बोट तळ दुरुस्त होऊन परत आली आणि ट्रेंट स्वतः माझ्या दारात उभा राहिला. अपघातात खुब्याचं हाड मोडल्यापासून तो लंगडतो.

"इंजिनं तू बांध," तो म्हणाला. "ऑगस्टच्या शर्यतीत मैलभराची एक धाव घ्यायची आहे. डॉयलच्या नावाने. मग विकून टाकणार."

"त्याचं नाव तोंडात घेऊ नकोस."

"बरं. पण इंजिनं बांधशील?"

"का? गावातले बाकीचे मेले का?"

"तू बांधलेली इंजिनं दुसरा कुणी उघडत नाही. आणि तू माझ्याशी गोड बोलत नाहीस. मला तेच बरं वाटतं आता."

मी हो म्हणाले. पंपावरची खानावळ चालवणारी ओपल तळलेल्या कॅटफिशचं ताट माझ्यापुढे आपटून म्हणाली, "अगं, वेड लागलंय का तुला? त्या माणसाची बोट?"

"काम आहे, ओपल."

"तुझं तोंड बघितलंय का आरशात? काम करणाऱ्या बाईचं तोंड असं नसतं. माझ्या मांजरीचं असतं, उंदराच्या बिळापाशी."

ओपलला माझी नस अन् नस माहीत आहे. मी मासा खाल्ला आणि उठले.

बोट लिफ्टवर चढवली, पाण्याच्या दोन हात वर. बॅटऱ्या सोडवून ठेवल्या. किल्ली माझ्या गळ्यात. तासांच्या मीटरवर आकडा होता एकशे सत्त्याऐंशी पूर्णांक चार. अपघाताच्या दिवशीचा. तो वहीत टिपला, वरून कापडी झाकण घातलं आणि त्याची सगळी बटणं दाबून लावली.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर चाक डावीकडे वळलेलं होतं.

यात काही विशेष नाही. सुकाणू तेलाच्या दाबावर चालतं. तेल कुठे झिरपत असलं की चाक आपोआप सरकतं. मी ते सरळ केलं आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे, शेवटपर्यंत, अडेपर्यंत. मी नवे सील घातले, नळ्या पुसून खाली कोरडा कागद अंथरला. सकाळी कागद कोरडा होता आणि चाक डावीकडे होतं.

मग माझी नजर मीटरवर गेली. एकशे सत्त्याऐंशी पूर्णांक पाच.

हा मीटर इंजिन फिरतं तेव्हाच चालतो. शेवटचा आकडा एकाने पुढे जायला सहा मिनिटं लागतात. बॅटरी नाही, पेट्रोलच्या टाक्या रिकाम्या, पंखे तर मी काढून कपाटात ठेवलेले. मी स्वतःला समजावलं, टिपताना चूक झाली असेल, पाचाचा चार दिसला असेल, चष्मा बदलायला झालाय. वही काढली. माझ्याच अक्षरात स्वच्छ चार लिहिलेला होता.

पुढच्या सकाळी सहा. त्याच्या पुढच्या सकाळी सात.

मीटर खराब झाला म्हणून नवा आणला, खोक्यातून काढला, शून्यावर होता. बसवला. सकाळी त्यावर शून्य पूर्णांक एक.

४

आता हे मी कुणाला सांगणार? ओपलला सांगितलं असतं तर तिने डोक्यावर बर्फ ठेवला असता. मी फक्त झाकणाच्या बटणांवर खडूने खुणा करायला लागले. खुणा जागच्या जागी असायच्या, एकही बटण उघडलेलं नसायचं. इंजिनाच्या खणाचं दार उचललं की वास यायचा, तापलेल्या तेलाचा. लोखंडावर हात ठेवला की कोमट लागायचं. जुलै आहे, मी म्हणायचे, सगळंच कोमट असतं. शेजारच्या बोटीच्या इंजिनावर हात ठेवून पाहिला. ते गार होतं.

एका सकाळी धुकं पाण्यावर बसलेलं होतं, फाट्यात एक आवाज नव्हता. मी चाकाशी वाकून तारा तपासत होते. उभं राहून चालवायच्या बोटीत पायाखाली जाड मऊ पट्टा असतो, गुडघ्यांना दणके बसू नयेत म्हणून. पाय उचलला की तो लगेच वर येतो. उजव्या बाजूला, दांड्यांपाशी, त्या पट्ट्यात दोन खळगे पडलेले होते. टाचा, तळवे, बोटंसुद्धा. मी बघत राहिले. ते वर येईनात. मग डावा खळगा जरासा उथळ झाला आणि उजवा खोल गेला. उभा माणूस अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतो ना, तसा.

मी धक्क्यावर कधी आले ते आठवत नाही. थर्मास हातात घेतला तर झाकण उघडता येईना.

आणि मग, खरं सांगते, मला आनंद झाला. रडू आलं ते आनंदानेच. डॉयल आला होता. त्याच बोटीवर, आपल्या जागेवर, ट्रेंटची वाट बघत. वर्षभर मी एकटीने जळत होते, आता आम्ही दोघं होतो. मी धक्क्यावरूनच त्याच्याशी बोलायला लागले. "येतोय तो शनिवारी," मी म्हणाले. "धीर धर जरा. मी सगळं तयार करून ठेवते."

५

माझा बेत साधा होता. चाकामागची पाठ टेकायची गादी चार नटांवर उभी असते. त्यातले दोन ढिले करायचे. आणि लाल दोरीच्या बटणामागच्या दोन तारा तारेच्याच एका छोट्या तुकड्याने जोडून टाकायच्या. मग दोरी पायाला असो की नसो, क्लिप निघाली तरी इंजिनांना कळणार नाही. ऑगस्टच्या धावेत तो एकटाच असणार होता, कारण त्याच्या शेजारी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. शनिवारी चाचणी, त्याच्या पुढच्या शनिवारी धाव. लाट कुठली तरी येईलच. बाकी डॉयल बघेल.

मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर मी चाकाखालच्या फळीचे आठ स्क्रू काढले. अपघातानंतर ती फळी कुणी उघडली नव्हती. चौकशीवाल्यांनी बाहेरून फोटो काढले होते, तळ दुरुस्त करणाऱ्यांना तिच्याशी काम नव्हतं. फळी खाली ठेवली, विजेरी तोंडात धरली आणि बटणामागे हात घातला.

तिथे तुकडा आधीच होता.

निळ्या तारेचा, बोटभर. दोन्ही टोकांना पिवळी चिकटपट्टी, आणि पट्टीचं शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं, पुढच्या वेळी नखाने चटकन काढता यावं म्हणून. तसं टोक दुमडणारी या तलावावर एकच आहे. पंधरा वर्षं सगळे मला त्यावरून चिडवतात.

विजेरी तोंडातून पडली.

अपघाताच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी या बोटीत इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नव्या सुया बसवल्या होत्या. धक्क्यालाच बांधून दोन तास इंजिनं चालवून बघत होते. मागे खणात उतरायचं, पुढे मीटर बघायला यायचं, पुन्हा मागे. दर वेळी ती दोरी पायात यायची आणि क्लिप निघून इंजिनं बंद पडायची. म्हणून तुकडा जोडला. आम्ही सगळेच जोडतो. काम झालं की काढायचा असतो. तेवढ्यात ओपलने पंपावरून हाक मारली, कुणाच्या तरी बोटीतून पेट्रोल गळत होतं, लवकर ये. मी फळी लावली, स्क्रू पिळले आणि धावले. शनिवारी मी दुसऱ्या कामातून मोकळी व्हायच्या आत ते दोघे निघून गेले होते.

मी विसरले होते. इतकी विसरले होते की वर्षभरात एकदाही मनात आलं नाही. मी फळीसमोर गुडघ्यांवर बसले होते आणि माझ्या उजव्या बाजूला, कोपरभर अंतरावर, तो मऊ पट्टा होता. तिकडे मी मान वळवली नाही. डॉयल कुणाची वाट बघत होता ते आता मला कळलं होतं.

६

मी तुकडा काढला आणि पाण्यात फेकला. गादीचे चारही नट घट्ट केले. बॅटऱ्या जोडल्या, पंखे बसवले, टाक्या भरल्या, बोट पाण्यात उतरवली आणि दोरीची चाचणी घेतली. ओढली की इंजिनं बंद. दहा वेळा घेतली, दहाही वेळा बंद पडली. नव्या मीटरवरचा आकडा टिपून ठेवला. बुधवारी सकाळी तो एकाने पुढे होता, गुरुवारी आणखी एकाने.

सांगून टाकायला हवं होतं. फोन खिशात होता. दोनदा ट्रेंटचा नंबर लावला, दोनदा वाजण्याआधी बंद केला. बुधवारी म्हटलं, आता सांगून डॉयल परत येणार आहे का? गुरुवारी म्हटलं, ट्रेंटने दोरी लावली होती याला तरी पुरावा काय? नसेलच लावली. चूक माझीही आणि त्याचीही, फिट्टंफाट. शुक्रवारी ओपलने विचारलं, "काय गं, मांजरीला उंदीर चावला की काय?" मी तिच्यावर एवढी खेकसले की ती दिवसभर बोलली नाही.

माझी लाज मला वाटत होती, पण तिच्याहून जास्त मला माझा राग जपायचा होता. तो गेला तर माझ्याजवळ काय उरणार होतं?

७

शनिवारी सकाळी दहाला ट्रेंट आला. ऊन लख्ख होतं, बाहेर मोठ्या पाण्यावर बोटींची वर्दळ सुरू झाली होती. तो लंगडत बोटीत उतरला आणि चाकाशी उभा राहिला.

"दांड्यांवर तू ये," तो म्हणाला. "आज एक फेरी. त्या जागेवर तुझ्याशिवाय दुसरं कुणी मला नको आहे."

मी उतरले. पट्ट्यावर पाय ठेवणं मला जमेना, म्हणून मध्ये उभी राहिले. इंजिनं सुरू केली. बोट धक्क्याला बांधलेली होती आणि गुरगुरत होती.

ट्रेंट वाकला आणि त्याने लाल दोरी गुडघ्याच्या वर, मांडीला गुंडाळून घेतली. "बघ," तो म्हणाला. "अशी होती त्या दिवशी. अशीच. तुला दाखवायचं होतं."

मी इंजिनांच्या काट्यांकडे बघत राहिले.

"गंमत सांगू?" तो सरळ होत म्हणाला. "आता मलाच खात्री नाही. पोरगी फोनवर म्हणते, डॅड, एकदा खरं सांगून टाक, मी रागावणार नाही. बायको तर तेही न विचारता गेली. एवढ्या लोकांनी एवढ्या वेळा सांगितलं ना नेल्डा, की आता मला आठवतं. चाकाच्या दांडीला अडकवलेली दोरी मला डोळ्यांसमोर दिसते. माझा हात दिसतो अडकवताना. मी तुझ्या नवऱ्याला मारलं असेन. धाव घेऊन झाली की मी तसं लिहून देणार आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. वर्षभर मला जे ऐकायचं होतं ते तो सांगत होता.

"पायालाच होती," मी म्हणाले.

"काय?"

"दोरी तुझ्या पायालाच होती. बटणामागे तार जोडलेली होती. मी जोडली होती, शुक्रवारी. काढायची विसरले."

इंजिनं गुरगुरत राहिली. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता, मी कुठल्या भाषेत बोलले ते ठरवत असल्यासारखा.

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

"हो."

तो ओरडेल असं मला वाटलं. मारेल असंही वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने आपल्या मांडीची दोरी सोडली. मग मोडका खुबा सांभाळत खाली बसला आणि ती माझ्या मांडीला गुंडाळली. लहान मुलाच्या बुटाची नाडी बांधतात तशी, मन लावून. ओढून पाहिली.

"चालते ना ही?"

"चालते. दहा वेळा बघितलंय."

"छान." तो धक्क्यावर चढला. पुढची दोरी सोडली, मागची सोडली. मग वळून बोटीकडे पाहिलं, आणि त्याची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या उजवीकडे, दांड्यांपाशी, त्या रिकाम्या पट्ट्यावर होती. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तो मागे हटला नाही. चांगला पाय बोटीच्या काठाला लावून त्याने तिला ढकललं.

धक्का एका हातावर होता. मला उडी मारता आली असती. दोन हातांवर गेला तरी आली असती.

दांडे पुढे सरकले. दोन्ही, एकदम, लोणी कापावं तसे सहज. मी मांडीची दोरी धरून जोरात ओढली. क्लिप निघाली आणि माझ्या मुठीत आली. इंजिनांचा आवाज चढतच गेला.

"त्याला सांग, नेल्डा!" मागून ट्रेंट ओरडत होता. वर्षभर गिळलेलं सगळं त्या आवाजात होतं. "माझ्या पायालाच होती म्हणून सांग त्याला!"

मोठं पाणी समोर उघडत होतं. उजवीकडे बघायचं धाडस मला झालं नाही. पण मी सांगितलं.